आप्पांचं वधू-वर केंद्र आणि चार वर्षांपूर्वीचा बॅकअप

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं!" झाला किस्सा सुरू. खासबागेत दुकान टाकून मला बारा वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत जमले नसतील तेवढे किस्से निपाणीच्या आप्पांनी मला दहा दिवसांत दिले. त्यातले थोडेच सांगतो, नाहीतर तुमचा चहा थंड व्हायचा.

* * *

आप्पा हायस्कूलातून रिटायर झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी जैन समाजाचं वधू-वर केंद्र काढलं. एक दिवस त्यांचा फोन. "संजू, मशीन मेलं रं! धा दिवसांवर मेळावा आलाय. सगळी पोरं-पोरी त्यातच हायत!"

हार्डडिस्क गेली होती. मी नवीन कॉम्प्युटर घेऊन निपाणी गाठली आणि विचारलं, "बॅकअप आहे का?"

"हाय की! पद्मानं क्लाऊडवर ठेवलाय."

पद्मजा म्हणजे आप्पांची मुलगी. ती शेजारीच नव्या कीबोर्डचं खोकं फोडत बसली होती. आठ महिन्यांपूर्वी माहेरी आली, ती परत सासरी गेलीच नाही. नवऱ्यानं, सन्मतीनं, तिला न विचारता घाटमाथ्यावरच्या जंगलातल्या कणकुंबीच्या शाळेत बदली मागून घेतली, एवढंच निमित्त. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दुनियेची लग्नं जुळवणाऱ्या आप्पांना आपल्या पोरीचं लग्न मोडतंय की काय, हा एकच घोर लागला होता. पण घरात तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

पासवर्ड पद्मजाला पाठ होता. मी टाकला. स्क्रीनवर आलं, 'नोंदवलेल्या मोबाईलवर कोड पाठवला आहे.'

"हा नंबर कुणाचा?"

पद्मजा खोक्यातच बघत म्हणाली, "त्यांचा."

साखरपुडा झाल्या झाल्या हौसेनं टाकलेला! आप्पा चप्पल घालून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात गेले, ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत.

* * *

आता जावयाला फोन करायचा कुणी? आप्पा म्हणाले, "मी मेलो तरी करणार न्हाय." पद्मजा म्हणाली, "संजूदादा, तुमीच करा. मशीन तुमचं हाय."

कणकुंबीत सन्मतीला रेंज मिळायची ती शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. कोडची मुदत दहा मिनिटं. ठरलं असं, की दुपारच्या सुट्टीत तो टाकीवर चढणार आणि मी इकडून कोड मागवणार. पहिल्या दिवशी तो चढला आणि निपाणीत लाईट गेली. दुसऱ्या दिवशी लाईट होती, पण टाकीवर माकडं होती! "दादा, लई मोठी हायत ही," असं म्हणून गडी खाली उतरला.

तिसऱ्या दिवशी सगळं जुळून आलं. फोन स्पीकरवर, पद्मजा माझ्यासमोर.

"आठ, शून्य, चार, चार, दोन..." आणि सन्मती थांबला.

"सहावा?"

"सहावा सांगतो की. आदी सांगा, ती जेवती का नीट?"

मी पद्मजाकडं बघितलं. ती भिंतीकडं बघायला लागली. घड्याळ पळत होतं. शेवटी तिनं पेन्सिल घेतली आणि खोक्यावर लिहिलं, 'जेवते म्हणा.'

"जेवते म्हणाली," मी म्हटलं.

"म्हणाली?"

"लिहिलं."

"नऊ," सन्मती म्हणाला आणि फोन ठेवला.

* * *

रिस्टोअर सुरू झालं. आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, नव्या मशीनला हळदकुंकू लावलं. कुंकू नेमकं कॅमेऱ्यावर! एकेक नाव परत यायला लागलं तसे आप्पांचे डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा लावला आणि ओरडले, "ह्याला तर दोन पोरं हायत की रं!"

त्याचं झालं असं. बॅकअप घ्यायला फक्त पद्मजाला येत होतं. ती लग्न होऊन गेली त्या दिवसापासून बॅकअप बंद. नंतर आलेली नावं कागदी अर्जांवरून पुन्हा चढवता येत होती. पण गेल्या चार वर्षांत ज्यांची ज्यांची लग्नं झाली, ते सगळे रातोरात बिनलग्नाचे झाले! त्यात आप्पांचा नियम असा, की अक्षता पडल्याशिवाय यादीतनं नाव काढायचं नाही. ऐनवेळी मोडलेली लग्नं त्यांनी बघितली होती. त्यामुळं खुद्द पद्मजा आणि सन्मतीही यादीत हजर.

* * *

मग आम्ही यादी वाटून घेतली आणि एकेकाला फोन लावून विचारायला लागलो, "तुमचं लग्न झालंय का हो?" झालं असलं की नावावर फुली.

एका मुलाची आई दबक्या आवाजात म्हणाली, "झालंय. पर सून हितंच बसलीया, हळू बोला." मग आणखी हळू, "स्थळ कुठलं हाय?"

चिकोडीच्या एका गृहस्थानं कन्नडमध्ये मला झाड झाड झाडलं. "मदुवे आयतु री!" म्हणजे लग्न झालं. हे तीनदा सांगून फोन आपटला. पाच मिनिटांनी त्याच नंबरवरून त्याच्या बायकोचा फोन. "यांचं नाव अजून का ठेवलंय तुमी? कोण बघायलंय यांना?"

* * *

स्वतःच्या नावावर पद्मजानं स्वतःच फुली मारली. सन्मतीच्या नावापाशी आली आणि तिनं पान उलटलं. फुल्या तपासताना आप्पांनीही उलटलं. मी बाहेरचा माणूस, मी कशाला मधे पडू? तीन माणसांच्या हाताखालून ते नाव तसंच छापखान्यात गेलं, आणि फुली नाही म्हणून छापलं गेलं. छापील यादीप्रमाणं सगळ्यांना पोस्टानं निमंत्रणं गेली.

* * *

मेळाव्याला हॉल खच्चून भरला होता. पद्धत अशी, की पद्मजा माईकवरून नंबर पुकारणार, उमेदवार स्टेजवर येऊन एका मिनिटात आपली माहिती सांगणार. सव्वीस जण झाले. पद्मजानं पुढचा नंबर वाचला, "वर क्रमांक सत्तावीस," आणि यादी डोळ्यांजवळ नेली.

मागच्या रांगेतून सन्मती उठला. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, हातात निमंत्रण. आप्पांनी डोळेच मिटले.

तो दुसऱ्या माईकसमोर उभा राहिला. "नाव सन्मती. शिक्षण एम.ए., बी.एड. नोकरी कणकुंबीला, शिक्षक." मग घसा खाकरला. "उंची पाच फूट सात इंच."

ओळखणारे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. सन्मती पुढं काही बोलणार, तेवढ्यात स्पीकरमधून पद्मजाचा आवाज आला.

"पाच फूट पाच."

"सात," तो समोर बघतच म्हणाला.

"बूट काढून सांगा!"

सन्मतीनं निमंत्रण दातात धरलं आणि स्टेजवरच खाली वाकून लेस सोडायला लागला.