पाण्याखाली आजोबांचे पाय

ताई, तू समुद्रातल्या माशांचे फोटो पाठवलेस आणि खाली विचारलंस, "आजी, तुमच्या नदीत काय असतं गं?" मला उत्तर देता आलं नाही. सगळा जन्म कर्जतला गेला. हिवाळ्यात कोंडाण्याच्या बाजूला ज्या डोहावर आपण जातो, त्याच्या काठावर किती वेळा बसले असेन, पण पाण्याखाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

काय हवं आणि काय नको ते आधीच पक्कं करून मी खोपोलीला गेले. वर वेगळं कवच चढवावं लागेल असा कॅमेरा नको, कारण दोन वस्तू म्हटल्या की एक घरी राहते. बटण ओल्या, सुरकुतलेल्या बोटाला नीट कळायला हवं. पाण्यात पडला तर तळाशी दिसेल असा भडक रंग हवा. दुकानदार म्हणाला, "आजी, आता कॅमेरा कोण घेतं? मोबाईलला प्लास्टिकची पिशवी मिळते. ती गळ्यात घाला आणि उतरा."

"पिशवी गळली तर?"

"तर नवा मोबाईल घ्यायचा."

मग त्याने एक महागडा कॅमेरा काढला. त्यात फटाक्यांसाठी वेगळी सोय होती, जेवणाच्या ताटासाठी वेगळी आणि मांजरांसाठीही वेगळी. मी म्हटलं, "मला मांजर बुडवायचं नाहीये." तो हसला आणि मागच्या कपाटातून एक लहानसा लाल कॅमेरा घेऊन आला. त्याला मोजकी बटणं होती, बॅटरीच्या झाकणाला दुहेरी खटका होता आणि मनगटात अडकवायला तरंगणारा पट्टा होता. तोच घेतला. घरी येऊन माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, झाकणाची रबरी कड मलमलीने पुसली आणि बादलीत हात बुडवून स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढला. बरा आला. आजोबा म्हणाले, "मासा म्हणून पाठवून दे. पोरांना काय कळतंय."

दिवाळी झाली, पाणी निवळलं आणि आम्ही दोघं डोहावर गेलो. आजोबा नेहमीप्रमाणे पोहायला उतरले. त्यांचं पोहणं तू आणि छोटू, दोघांनी पाहिलं आहे: मान वर, दोन्ही हात संथपणे पाणी मागे सारताहेत, घाई म्हणून नाही. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, कॅमेरा पाण्याखाली धरला आणि न बघताच बटण दाबत गेले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी फोटो पाहिले. बरेचसे नुसतेच हिरवे होते. एकात बोटाएवढे मासे आले होते, तो मी तुमच्यासाठी बाजूला काढला. पुढच्या फोटोत दोन पाय होते. गोट्यांमध्ये घट्ट रोवलेले, पायांत पट्ट्याची रबरी चप्पल, वर पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. मला वाटलं, गावातलं कोणी पलीकडून जात असेल. मग ती चड्डी मी ओळखली. सकाळी मीच ती पिशवीत भरली होती. पुढच्या फोटोत एक टाच उचललेली होती, जिना चढताना उचलतो तशी. त्याच्या पुढच्या फोटोत दुसरी.

गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी मला उठवेना.

आजोबा आत आले, त्यांनी गॅस बंद केला. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. "हे पाय कोणाचे?"

त्यांनी चष्मा लावला. "माझे."

"तुम्ही पोहत होतात ना?"

"मध्येच टेकतो माणूस एखादा पाय."

"अहो, सगळ्या फोटोंत टेकलेत."

त्यांनी फोटो मागेपुढे करून पाहिले. "कॅमेरा चांगला निघाला," म्हणाले.

मग खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. लहानपणी कडावला मामांच्या विहिरीत त्यांना पाठीला सुका भोपळा बांधून उतरवलं होतं. तेव्हा रीत अशी होती की, भोपळा सोडून मुलगा या कडेपासून त्या कडेला गेला, की आईने आळीत गूळखोबरं वाटायचं. भोपळा सुटला तेव्हा आजोबा बुडू लागले. त्यांनी कपारीतला दगड धरला आणि दगडादगडाने पलीकडची कड गाठली. वरून कोणाला काही कळलं नाही. ते अंग पुसेपर्यंत त्यांच्या आईने सगळ्या आळीत गूळखोबरं वाटलं होतं.

"मग सांगायचं कसं?" ते म्हणाले. "पुढे सांगायची वेळच आली नाही. नदीत पाय पोचतात."

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. आणि मग मला मागची खेप आठवली. छोटू, त्यांनी तुला खांद्यावर बसवून डोहाच्या मध्यापर्यंत नेलं होतं. मी काठावर टॉवेल घेऊन बसले होते. तुमची आई घाबरत होती, तिला मी म्हटलं होतं, "आजोबा आहेत ना बरोबर, तू चहा घे."

"त्याला नेलंत तेव्हाही?"

"तेव्हाही. एकेक पाय चाचपत. पुढे टेकला नाही, तर मागे फिरायचं ठरलं होतं."

"कोणाशी ठरलं होतं?"

"माझ्याशीच."

यंदा तुम्ही याल तेव्हा कडावच्या विहिरीत उडी मारायला शिकवतो, असं त्यांनी तुम्हाला कबूल केलं होतं. तिथे पाय टेकायला काहीच नाही. मी म्हटलं, "आणि विहिरीत काय करणार होतात?"

"वाटलं, पोरं विसरतील."

"पोरांनी पोहायचे गॉगल घेतलेत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तूच लिही ना त्यांना. तू लिहितेसच."

"गूळखोबरं तुमच्या नावाचं वाटलं होतं," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

रविवारी तुमचा फोन आला, तेव्हाचं तुम्हाला ठाऊक आहे. आजोबा केस विंचरून बसले होते, हे मात्र तुम्हाला कळलं नसेल. ताई, तू विहीर किती खोल आहे ते विचारलंस आणि ते म्हणाले, "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं." तुम्ही दोघं हसलात. मग त्यांनी मला खूण केली आणि मी तो फोटो फोनसमोर धरला. तुमचं हसणं थांबलं. विहिरीवर कोणीही जायचं नाही, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

छोटू, तू पडद्याच्या अगदी जवळ आलास. "आजोबा, मी खांद्यावर होतो तेव्हा तुम्हाला भीती वाटत होती?"

"हो," ते म्हणाले. "खूप."

"मग का नेलंत मला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. ते पुन्हा फोनकडे वळले.

"तू 'चला' म्हणालास, म्हणून."