गोफणीचा गेम

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली, बाकी सगळी उचलेगिरी. हैदराबादला अफझलगंजच्या मागच्या गल्लीत ते टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी बनवायचे. परदेशी कंपन्यांचे गेम उतरवून घ्यायचे, त्यांचं नाव पुसून आपलं घालायचे आणि विकायचे. परवाना-बिरवाना काही नाही. मी बोलले की म्हणायचे, "हौ, चोरी आहे. पोटाला काय सांगू?"

तो एक गेम मात्र त्यांचा होता. ज्वारीचं शेत, मधे मचाण, मचाणावर गोफण घेतलेला माणूस आणि कणसांवर उतरणाऱ्या चिमण्या. गावाकडे लहानपणी त्यांनी हेच काम केलेलं. त्या गेमपायी महिनोन्‌महिने वेळेवर जेवले नाहीत. मी चिडायचे, पण मनातून कौतुक वाटायचं.

मग मोबाइल आले, धंदा बसला, कॅसेटी भंगारात गेल्या. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तेव्हापासून एकच ध्यास, नातीला तो गेम दाखवायचा.

नात विद्यानगरला कॉलेजात आहे. तिने इंटरनेटवर शोधून काढला एकदाचा आणि लॅपटॉप ह्यांच्या मांडीवर ठेवला. तेच शेत, त्याच चिमण्या. ह्यांचे डोळे भरून आले. पण वर नाव भलत्याच कंपनीचं, आमच्यासारखीच बिनपरवान्याची कुठली तरी. खाली कुणीतरी त्या कंपनीचा इतिहास लिहिलेला. नातीने वाचून दाखवला. म्हणे गेम मूळचा त्यांचा, हैदराबादच्या एका दुकानाने त्याची नक्कल काढून विकली.

चोरावर मोर, आणि वर ह्या उलट्या बोंबा. मी मेल्यांना बसल्या जागी शिव्या घातल्या.

"नक्को आजी," नात म्हणाली, "मी त्यांना मेल करते. प्रूफ काय आहे आपल्याकडे?"

असल्या धंद्याचा पुरावा कोण जपून ठेवतं? तो नष्ट करण्यातच ह्यांची हयात गेली.

हे बिचारे डावा हात उचलून तिला सांगत राहिले, चिमण्या नेहमी विहिरीकडच्या बाभळीतूनच का येतात ते. ती मान डोलवत होती. मग पाणी प्यायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आजी, पण खरंच आजोबांनीच केला ना? बाकीचे सगळे तर..."

दोन खोल्यांचं घर आमचं. मी बाहेर आले तेव्हा ह्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला सारला होता.

"तिला रागावू नकोस," म्हणाले. "मीसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवला नसता."