मुलुंडच्या वर्गातली इंग्रजी भांडणं

१३ डिसेंबर १९८६, शनिवार. आकाश निरभ्र. सकाळी गारवा, दुपारी पंखा लावावा लागला.

तारीख आणि हवा लिहिल्याशिवाय मला पुढचं अक्षर सुचत नाही. गेली दोन वर्षं मी मुलुंडला एका शाळेच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवतो. मी पोस्टात कारकून. इंग्रजी शिकलो ते एकट्याने, रद्दीतल्या वर्तमानपत्रांवर. शिकवण्याची एकच रीत मला जमते, ती म्हणजे डिबेट. दोघं समोरासमोर, प्रत्येकी तीन मिनिटं. कोण किती बोललं ते मी वहीत लिहितो. पण वही चाळायला घेतली की मिनिटं राहतात बाजूला आणि मार्जिनमधले किस्सेच वाचले जातात. आणि खरं सांगू? त्यातले निम्मे वाचून आजही डोकं भणाणतं!

*

वर्ग भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे दाभाडकर. पहिल्याच महिन्यात ते एका निवृत्त हेडमास्तरांना घेऊन आले. त्या दिवशी परब बोलत होते. परब नाहूरचे, मूळ मालवणकडचे. संपात गिरणी गेली, आता एका सोसायटीत वॉचमन. ते चाळीस सेकंद बोलले. तेवढ्यात हेडमास्तरांनी फळ्यावर त्यांच्या अकरा चुका लिहिल्या, नंबर घालून!

पुढच्या शनिवारी परब आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो.

"मास्तर, वीस वर्सां गिरणीत काढलंय. मुकादमान पण माका असो कधी धुतल्यान नाय."

मी कसंबसं समजावून त्यांना परत आणलं. फळा मात्र त्याच दिवशी उलटा करून भिंतीला टेकवला. तो अजून तसाच आहे.

*

एकदा विषय ठेवला, "चाळीत पाणी सकाळी यावं की संध्याकाळी?" बोलायला पाटकर आणि शिंदे. दोघं एकाच चाळीतले, हे मला कुठे ठाऊक!

दुसऱ्या मिनिटाला गाडी मराठीवर आली. "तुझी बायको चार-चार पिंपं भरते ना रे!" "आणि तुझा तो रबरी पाइप? लाज आहे का?" बाह्या वर गेल्या.

मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "जे काय भांडायचं ते इंग्रजीत भांडा!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग शिंदे दात-ओठ खात म्हणाले, "प्लीज... यू टेक वॉटर फर्स्ट."

"नो, नो," पाटकर म्हणाले. "यू टेक."

खाली बसता बसता पाटकर माझ्यावरच उखडले, "शिव्या शिकवल्या नाहीत तुम्ही, सर! कसं भांडणार?"

*

आता सुनंदा. सुनंदा गायकवाड, भांडुपच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला. तिथे टेलिफोन ऑपरेटरची जागा निघणार होती. अट एकच, इंग्रजी बोलता आलं पाहिजे. दिवसभर उभं राहून बाटल्या भरायच्या की खुर्चीवर बसून फोन घ्यायचे, एवढाच सगळा प्रश्न. त्यासाठी तिने एकही शनिवार चुकवला नाही.

आमच्याकडे बाजू चिठ्ठीवर ठरते. एकदा तिच्या हातात चिठ्ठी आली, "मुलींना फार शिकवू नये". ती तावातावाने बोलत होती आणि न्यायला आलेले वडील दारात उभे. अर्धं समजलं, तेवढं पुरलं.

"मास्तर, हे बोलायला पाठवतो का मी पोरीला?"

मी चिठ्ठीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग तुम्ही उचला की एक चिठ्ठी. बघू."

उचलली. एक मिनिट दहा सेकंदांत माझी गाडी बंद पडली. घड्याळ त्यांच्या हातात होतं!

*

नोव्हेंबरात मंडळाचा वार्षिक समारंभ. दाभाडकरांनी डिबेट ठेवलं आणि दोन्ही बाजूंची भाषणं स्वतःच टाइप करून आणली. "पाठ करून घ्या. पाहुण्यांपुढे या लोकांनी वाटेल ते बोलून आपली शोभा नको."

या लोकांनी! दोन वर्षं ही माणसं कामावरून थकून येत होती, ती पोपट व्हायला?

विषय होता, "बायकांनी नोकरी करावी का?" करावी, परब. करू नये, सुनंदा. प्रमुख पाहुणे कोण, तर सुनंदाच्याच कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "वेगळा इंटरव्ह्यू नको, तिथेच ऐकतो."

मी दाभाडकरांना म्हटलं, "निदान बाजू तरी बदला हो."

"कार्यक्रमपत्रिका छापून झालीय," म्हणाले.

*

परब उभे राहिले. चौथ्या वाक्याला पाठ केलेलं सगळं गेलं. पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. दाभाडकर विंगेतून पुटपुटत सुचवत होते, त्याने परब आणखीच गडबडले.

वर्गात समोरचा अडला की आम्ही त्याला प्रश्न विचारतो, म्हणजे त्याचं बोलणं सुरू राहतं. सुनंदा उठली. टाइप केलेला कागद खुर्चीवर ठेवला.

"मिस्टर परब, युवर मिल क्लोज्ड. देन हू रन युवर हाऊस?"

परबांनी मान वर केली. "माय वाइफ."

"हाऊ?"

"शी मेक डबा. ट्वेल्व्ह डबा, एव्हरी डे."

"अँड यू?"

"आय कट व्हेजिटेबल."

लोक हसले, पण आता परबही हसले. दाभाडकर घंटा वाजवत सुटले. "सुनंदाबाई, तुमची बाजू! तुमची बाजू!"

ती वळली नाही. "इफ शी नॉट वर्क, मिस्टर परब?"

"देन फिनिश," परब म्हणाले. "ऑल फिनिश, मॅडम."

परीक्षकांचा कागद मी वहीत उतरवून घेतला आहे. परब, शून्य. शेरा, लिखित भाषण सोडले. सुनंदा गायकवाड, शून्य. शेरा, विरुद्ध बाजूस मदत केली.

सोमवारी, १ डिसेंबरला सकाळी साडेआठ वाजता, सुनंदा कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसली.