माझी नसलेली गाठ

अकोल्याला आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यातलं सोल्डरिंग मी करते, हे गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. विषमज्वरातून उठल्यापासून माझ्या नवऱ्याचा उजवा हात थरथरायचा. बिघाड तो अचूक शोधायचा, पण तारेला डाख लावायची वेळ आली की सेट मागच्या खोलीत माझ्याकडे यायचा. बाहेर तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "संध्याकाळी या, करून ठेवतो."

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. तेल्हाऱ्याकडचे एक बागाईतदार जीपमधून एक लांब पेटी घेऊन आले. विलायतेला शिकून आलेला माणूस. पेटीत रेडिओवर चालणारं विमान होतं, पंख माणसाच्या उंचीएवढे. जमिनीवरून हातातलं बटन दाबलं की विमानातल्या रेडिओला ते कळायचं आणि शेपटीचं सुकाणू वळायचं. आतल्या वायरी तेवढ्या तुटल्या होत्या, आणि त्यांना लागणारे प्लग आपल्याकडे मिळत नव्हते.

पेटी आत आणून ठेवली ती त्यांच्या सालदाराने. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा गडी. निघताना त्याने नवऱ्याला विचारलं, "मिस्त्री, हे इमान आंगावर त नाई येणार ना?" सगळे हसले. पडद्याआड मीही हसले.

प्लग मी मेलेल्या व्हॉल्व्हचे, म्हणजे रेडिओतल्या जळालेल्या काचेच्या नळ्यांचे केले. काच फोडायची आणि खालचं आठ पायांचं बूड ठेवायचं. पाय आतून पोकळ असतात. एकेका पायात वायर ओवून वर डाख भरायचा, की तो जुन्या रेडिओतून काढलेल्या सॉकेटमध्ये घट्ट बसतो. एक प्लग बॅटरीचा, एक सुकाणूचा. वायरींची जुडी मेणाच्या दोऱ्याने बांधून मी दुहेरी गाठ मारायची. मग सगळं जोडून हातात धरून हलवायचं आणि नवऱ्याने बटन दाबायचं. दर दाबाला सुकाणू खट वाजलं पाहिजे. एकदा ती खट चुकली, तेव्हा मी प्लग उघडून सगळे पाय पुन्हा भरले. त्यानंतर चुकली नाही.

विमान उडवायच्या दिवशी बागाईतदारांनी आम्हा दोघांना जीपने शेतावर नेलं. कापूस वेचून पऱ्हाटी उपटून झाली होती. काळी जमीन मोकळी पडली होती आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गावातली माणसं बसली होती. बागाईतदारांनी विमानाच्या पोटाचं झाकण काढलं, तेव्हा मी वाकून पाहिलं. सुकाणूच्या प्लगवरची गाठ एकेरी होती. दोरा माझाच, पण गाठ माझी नव्हती.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "प्लग कोणं उघडला?"

"म्या. काल तू बजारात गेल्ती तवा. एक वायर आखूड वाटली मले."

"डाख तुमी लावला?"

"मंग काय झालं? मले येत नाई काय? चूप राय आता, लोकं पाहून राह्यले."

त्याचा हात खिशात होता. गार होताना वायर जराशी जरी हलली तरी डाख वरून लागलेला दिसतो आणि आत सुटा राहतो, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

मी बागाईतदारांकडे गेले. "भाऊ, एकडाव प्लग उघडून पाहा."

"वहिनी, मिस्त्रीनं केलं हाय ना? मंग काहून भेता?" ते हसून म्हणाले.

नवरा माझ्याकडे पाहत होता. प्लग मी करते, हे मी तिथे सांगायला हवं होतं. ते न सांगता मी धुऱ्यावर जाऊन बसले.

इंजिन सुरू झालं. सालदाराने विमान डोक्यावर धरलं, वाऱ्याच्या तोंडावर धावला आणि हात सोडले. दोन फेऱ्या इतक्या सुंदर झाल्या की धुऱ्यावरचे लोक उभे राहिले. मला वाटलं, लागला असेल डाख. तिसऱ्या फेरीत विमान डावीकडे वळलं आणि वळतच राहिलं. बागाईतदार बटन दाबत होते, पुन्हा पुन्हा. इंजिनाचा आवाज चढत गेला, गिरक्या लहान होत गेल्या. सालदार शेताच्या मधोमध उभा होता. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्याने कपाळावर हात धरला होता. लोक ओरडले, पण कोणीकडे पळायचं ते त्याला उमगलं नाही. पंख्याचं पातं त्याच्या तोंडावर बसलं.

त्याला जीपमध्ये घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डावा डोळा गेला. बाहेर बागाईतदारांनी नवऱ्याला विचारलं, "मिस्त्री, झालं काय?"

"दुसऱ्या कोणत्या रेडिओची लहर मंधात घुसली असंन," नवरा म्हणाला. त्यांनी मान हलवली. मी तिथेच उभी होते.

मोडलेलं विमान आमच्याकडेच आलं. मी प्लग उघडला. वायर बोटाच्या धक्क्याने पायातून बाहेर आली, टोक कोरडं. मी ते नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने ते उजेडात धरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी एसटीने तेल्हाऱ्याला गेला आणि सगळं सांगून आला. प्लग कोण करतं, तेही. बागाईतदारांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा दुकानात पाऊल टाकलं नाही.

मी भाकरीचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. सालदाराचं अर्धं तोंड पट्टीत होतं, बायको उशाशी बसली होती. मी त्याला सगळं सांगितलं. गाठ पाहिली ते, नवऱ्याला विचारलं ते, मालकाला सांगून पाहिलं ते.

त्याने ऐकलं. मग हळू विचारलं, "बाई, इमान त माह्या हातात होतं. मले काहून नाई सांगतलं? म्या सोडलंच नसतं."

मी म्हटलं, "तुमाले सांगावं, हे माह्या ध्यानातच आलं नाई."

ते खरं होतं. त्याच्या बायकोने डबा उघडला आणि भाकरी कुस्करून त्याला भरवायला लागली.