गुलाबी चादरी

रुग्णालयाच्या तळघरातल्या लाँड्रीत मुकादमांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण तिथे कुणाच्या तोंडून 'माझं चुकलं' असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. चादर फाटली तर ती मशीनने फाडलेली असे. डाग राहिला तर दोष साबणाचा. मशीन आणि साबण दोघंही निर्दोष सुटली, तर दुपारची पाळी होतीच. दुपारच्या पाळीला विचारावं, तर ती सकाळच्या पाळीकडे बोट दाखवी. मुकादमांनी आरडाओरडा करून पाहिला, गोडीगुलाबीने पाहिलं, शेवटी नाद सोडला. माणसं यायची, मान खाली घालून राबायची आणि निघून जायची. एकमेकांशी बोलणं एवढंच, "सरका."

अशा जागी ती नोकरीला आली. वय पंचेचाळिशीच्या पुढे, जन्मात कधी घराबाहेर काम केलेलं नाही. गरम रोलरवर चादरी काढणाऱ्या इस्त्रीवालीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, "चार दिवसांची पाहुणी आहे." ते तिला ऐकू गेलं. ती हसली. तेव्हापासून तिचं नाव पाहुणीच पडलं.

पहिल्याच दिवशी पाहुणीचा तळहात पोळला. रोलर बंद केला तरी त्याची कड बराच वेळ तापलेली राहते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इस्त्रीवाली मागे न वळता म्हणाली, "मीही अशीच शिकले."

पाहुणीने हात नळाखाली धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "तुमचा किती पोळला होता हो?"

इस्त्रीवाली थबकली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा. तिने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत गेलेला जुना वण दाखवला. मग दोघी त्या वणाकडे बघत उभ्या राहिल्या. समोर चादरींचा ढीग पडला होता आणि पलीकडे मुकादम घड्याळाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रोलरच्या कडेला लाल चिंधी बांधलेली दिसली.

"हे कुणी केलं?" मुकादमांनी विचारलं.

"मी," इस्त्रीवाली म्हणाली. "उद्या आणखी कुणी नवीन आलं तर? दरवेळी हात भाजूनच शिकायचं का?"

मुकादम डोळे विस्फारून बघत राहिले. हीच बाई वर्षानुवर्षं नवीन माणसाकडे ढुंकूनही बघत नसे.

पण चांगल्या कामालाही कधी कधी दृष्ट लागते. आठवड्याभरात ती चिंधी मळली. पाहुणीने ती सोडली आणि धुवायला म्हणून समोरच्या ड्रममध्ये टाकली. त्या ड्रममध्ये शस्त्रक्रिया विभागाच्या पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या. दार उघडलं तेव्हा अख्खी खेप गुलाबी झालेली.

माणसं जमली. कुणीतरी सवयीने म्हणालं, "दुपारच्या पाळीचं काम दिसतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. चिंधी टाकताना पाहुणीला कुणी पाहिलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर विषय तिथेच संपला असता.

पाहुणीने एक ओली चादर उचलली, छातीशी धरली आणि थेट मुकादमांच्या टेबलापाशी गेली. तिच्या साडीवर पाणी ठिबकत होतं.

"साहेब, ही माझी चूक. ती लाल चिंधी मी यात टाकली. डोकं चालवलं नाही."

चोर शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यासमोर चोर मुद्देमालासकट आपणहून येऊन उभा राहिला, तर त्याने करायचं काय? मागे मशीनं घरघरत होती. आता हिची गच्छंती होणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"मग... आता?" मुकादमांनीच तिला विचारलं.

"पुन्हा धुऊ. मी थांबते ना. आणि दुपारच्यांना मीच सांगते. बिचारे येतील आणि मशीन अडलेलं बघतील."

आळ आपल्यावरच येणार हे ठाऊक असल्याने दुपारची पाळी भांडणाच्या तयारीनेच आली होती, पदर खोचून, बाह्या सरसावून. पाहुणीने सगळं सांगून टाकलं, तशी त्यांच्या शिडातली हवाच निघून गेली. कबूल करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? शेवटी त्यांच्यातला एक म्हणाला, "जाऊ द्या हो ताई. ज्या चादरींचा रंग जाणार नाही, त्या चादरी मुलांच्या वॉर्डात देऊ. पोरं खूश होतील." आणि तळघरात हशा पिकला. दोन्ही पाळ्या एकत्र हसताना मुकादमांनी पहिल्यांदाच ऐकल्या.

घरी गेल्यावर त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "त्यात एवढं नवल कसलं? तुम्ही कधी म्हणालात का, माझं चुकलं म्हणून?"

"मी कधी चुकलो?"

"बघा," असं म्हणून ती आत गेली.

त्यानंतर लाँड्रीत हळूहळू काहीतरी पाझरायला लागलं. पाळी बदलताना माणसं दारात घुटमळू लागली. "डाव्या मशीनचं दार नीट बसत नाहीये, जपून." "आज माझ्याकडून एक गठ्ठा ओलाच राहिलाय, आधी तो घ्या." मुकादम खांबाआड उभे राहून ऐकायचे. या बाईने कुणाला उपदेश केला नव्हता, की कुणाची तक्रार नेली नव्हती. ती आपलं तेवढं बोलायची, आपल्यापुरतं.

एकच माणूस मात्र या सगळ्यापासून कोरडा राहिला. तात्या. मोठा ड्रम चालवणारे, सगळ्यांत जुने. मागून हाक मारली तर वळून बघायचे नाहीत, विनोद झाला तर हसायचे नाहीत. "तात्यांना शिंगं फुटलीत," असं सगळे म्हणत. पाहुणीसुद्धा एकदा वैतागून म्हणाली होती, "दगडाला पाझर फुटेल, पण यांना नाही."

मग एके सकाळी ते घडलं. ड्रममध्ये एक चादर अडकली होती आणि ती ओढायला एक बाई कमरेपर्यंत आत वाकली होती. तात्या पलीकडच्या बाजूला, पाठमोरे. त्यांचा हात बटणाकडे गेला. "तात्या, थांबा!" चौघी एकदम किंचाळल्या. तात्यांचा हात थांबला नाही. इस्त्रीवाली धावली आणि तिने जिवाच्या आकांताने त्यांचं मनगट खेचलं. दोघंही ओल्या फरशीवर आपटली. आत वाकलेली बाई बाहेर आली, पांढरीफटक.

मुकादम धावत आले. त्यांच्या ओठांवर जुनाच प्रश्न होता, 'कुणाची चूक?' पण तो विचारायची वेळच आली नाही. तात्या फरशीवर बसूनच, नको इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले, "माझी चूक. मला ऐकू येत नाही."

इस्त्रीवालीने त्यांचं मनगट सोडलं.

"कधीपासूनच येत नाही. ओठ बघून भागवतो. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं." त्यांनी पाहुणीकडे बघितलं. "ही बाई ती चादर घेऊन उभी राहिली, त्या दिवसापासून सांगू सांगू म्हणत होतो. जीभ रेटत नव्हती. आज त्या आत वाकलेल्या बाईचा जीव गेला असता."

जिचा जीव वाचला होता तीच पुढे झाली. आता ही तात्यांना फाडून खाणार, असं मुकादमांना वाटलं. तिने हात पुढे केला आणि तात्यांना उठवून उभं केलं. मग त्यांच्या समोर तोंड आणून, एकेक शब्द तोडून म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही तुम्हाला शिष्ट समजलो हो."

मुकादमांच्या मनात आलं, याच भिंती, हीच माणसं. यांच्या आत हे एवढं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पाहुणीला गाठलं. "हे तुम्ही कुठे शिकलात?"

"काय?"

"हेच. आपली चूक अशी चारचौघांत सांगणं."

पाहुणीने डब्याचं झाकण उघडलं. "सासूबाई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. चादर ओली झाली की लपवायच्या. लाजेने. मी रागवायचे, मग त्या आणखी लपवायच्या. ओल्यात पडून पडून पाठीला जखमा झाल्या. मग एक दिवस मीच सुरुवात केली. म्हटलं, आई, आज भाजी करपली, तरी तशीच वाढली तुम्हाला. दुसऱ्या दिवशी आणखी काही. रोज माझी एक चूक सांगायची. एका सकाळी त्या म्हणाल्या, सूनबाई, माझी चादर ओली आहे गं." तिने डबा बंद केला. "जखमा भरल्या त्यांच्या. मला दुसरं काही येत नाही, साहेब."

मुकादम उठले आणि जिना चढून वरच्या साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं.

"इतकी वर्षं तुमच्या हाताखालचा माणूस बहिरा आहे, हे तुम्हाला कळलं नाही?" साहेब कडाडले.

"नाही कळलं. ती माझी चूक." शब्द बाहेर पडले, आणि छत काही कोसळलं नाही. "पण ड्रमवर इशाऱ्याचा दिवा लावला आणि दार उघडं असताना मशीन सुरूच होणार नाही असं केलं, तर त्यांच्याइतका चांगला माणूस मिळायचा नाही."

साहेबांनी इलेक्ट्रिशियनला बोलावणं धाडलं.

दिवा लागला, दाराचा बंदोबस्त झाला. तात्यांच्या कानाची तपासणी वरच्याच मजल्यावर झाली आणि कानात यंत्र बसलं. पहिल्या दिवशी ते लावून आले, तेव्हा मशीनांच्या आवाजाने दचकून म्हणाले, "अरे बापरे, इथे एवढा गोंगाट असतो?" आणि मग ते जे बोलायला लागले, ते थांबेचनात. वर्षानुवर्षं साठलेले विनोद, लग्नाच्या गमती, नातवंडांचे प्रताप. इस्त्रीवाली हात जोडून म्हणायची, "तात्या, ते यंत्र जरा काढा हो!" पाहुणी पोट धरून हसायची आणि मुकादम चादरींच्या ढिगाला टेकून, काम विसरून ऐकत उभे राहायचे.