सतरा नंबरचा वर्ग

'सतरा नंबरवाले' म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळा अर्धवट सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे, म्हणून हे नाव. दिवसभर राबून, पोराबाळांचं करून पुस्तक हातात घेणारी माणसं ती, आणि पगारी मास्तरांना त्यांच्यावर विनोद सुचायचे!

ऐंशीनंतर आम्ही बेलापूरच्या नव्या इमारतीत राहायला आलो. मी शाळेत भूगोल शिकवायची. दुपारी शेजारच्या दिवाळे या कोळ्यांच्या गावातल्या बायाबापड्यांचा दहावीचा वर्ग घ्यावा असं मनात आलं आणि मी सोसायटीचा हॉल मागितला. कमिटीत चर्चा झाली. "हॉलला वास लागेल हो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्याच घरी दर बुधवारी दिवाळ्याची कोलंबी शिजायची, तेव्हा वास कुठे जायचा कोण जाणे. मी तिथे तोंड सोडलं, उपयोग शून्य. शेवटी वर्ग भरला गावातच, देवळाच्या मंडपात, तीन ते पाच. मंडपातून थेट खाडी दिसायची.

पंधराएक जण होते. त्यांतल्या एकीचंच सांगते. सातवीत शाळा सुटलेली, दोन मुलींची आई. सकाळी टोपली घेऊन आमच्याच सेक्टरमध्ये फिरायची आणि दुपारी हातपाय धुऊन, केसांना तेल लावून पहिल्या रांगेत बसायची. शहर उभं राहिलं ते खाडीत माती लोटून. नवऱ्याच्या होडीला मिळणारी मासळी वर्षागणिक कमी होत गेली. ज्यांची शेतं गेली त्यांच्याकडे निदान सातबारा होता. खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर असतो? यांच्या हाती काहीच आलं नाही. मग शहर वसवणाऱ्या नव्या कचेरीने मेहेरबानी केल्यासारख्या आसपासच्या गावांसाठी नोकरीच्या थोड्या जागा काढल्या. काम काय, तर फाइली नंबरवार लावायच्या. अट काय, तर दहावी पास आणि वय तिशीच्या आत. तिला त्या वर्षी तिसावं सरत होतं. म्हणजे मार्चची एकच परीक्षा तिच्या हातात होती, दुसरी नाही.

तिने अभ्यास केला तो कसा, हे मी पाहिलंय. मासळी सुकत घालताना ती इंग्रजीची स्पेलिंगं म्हणायची. बीजगणितात अडली की स्वतःवरच चिडायची, पण सोडायची नाही. भूगोलाची मला काळजी नव्हती. जिने जन्मभर वारा आणि पाणी बघितलंय तिला मी काय शिकवणार, असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात म्हणायचीसुद्धा. म्हणायला काय जातंय!

जानेवारीत मी सराव परीक्षा घेतली. भरती-ओहोटीवर प्रश्न होता, त्यात एक छोटं उदाहरण: सोमवारी दुपारी बारा वाजता भरती आली, तर मंगळवारी दुपारी किती वाजता येईल? पुस्तकाप्रमाणे रोज पन्नास मिनिटं उशीर, म्हणजे बारा पन्नास. तिने लिहिलं होतं, पाऊण वाजता. एवढ्यावर थांबली असती तर बाई कसली! खाली सबंध पान भरून लिहिलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. उलटा वारा असला की पाणी थांबून थांबून चढतं. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं त्या, दिवसांत जाळं कुठे लावायचं आणि उधाणाच्या दिवसांत कुठे नाही, तेही होतं.

त्या पानावर मी लाल शाईने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'पुस्तक वाचा.'

ती पेपर घेऊन माझ्यापुढे आली. "बाई, ह्यात चुकला काय? आमी पाऊन तासच धरतो. पाच मिनटांनी होडी काय बुडत नाय."

वर्ग हसला. मला वाटलं, हे मला हसले. आणि मी, स्टाफरूमवर दातओठ खाणारी मी, भर वर्गात तिला म्हणाले, "इथे होडी हाकायची नाहीये, पेपर लिहायचाय. तुम्हाला येतं ते घरी ठेवा. पुस्तकातलं पाठ करा."

मागे खाडीला भरती लागत होती. तिच्याकडे पाठ करून मी फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली आणि पाण्याचा फुगवटा काढला.

त्यानंतर तिने पाठांतर धरलं. आसामचे चहाचे मळे, कॅनडातला गहू, सगळं घडाघडा म्हणायची. मी खूश होते. आपली विद्यार्थिनी सुधारली असं मला वाटलं, याची आज किळस येते.

मार्चमध्ये आमच्याच शाळेत केंद्र आलं. भूगोलाच्या दिवशी भूगोलाच्या शिक्षकांना आत काम देत नसत, म्हणून मी फाटकाशी उभी राहिले. सगळ्यांत आधी बाहेर आलेल्या मुलीकडून प्रश्नपत्रिका घेतली आणि मला नाचावंसं वाटलं. भरती-ओहोटीवर मोठा प्रश्न आला होता! उधाण, भांग, कारणं, उपयोग, सगळं. त्याला पर्याय होता आसामचा चहा. दोन्हींतला एक सोडवा. झालं, सुटली बाई, म्हटलं. मी उन्हात तशीच उभी राहिले.

ती शेवटच्या घोळक्यात आली. बोटांना शाई, कपाळावर घाम. मी धावतच पुढे गेले. "भरतीचा लिहिलात ना? किती पानं झाली?"

"नाय बाई. तो सोरला. चहाचा लिवला."

"अहो, पण का?"

एवढं साधं या बाईला कसं कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "भरतीचा मना येतं ते समदं चुकीचा हाय ना. तुमीच रेघ मारलीव. लिवाया बसली तर माझाच आठवाया लागला, पुस्तकातला येईना. म्हटला, नको. चहाचा मना काय बी ठावं नाय, म्हंजे तो तुमी सांगितला तसाच लिवनार." मग म्हणाली, "मधीच थोरा इसारली. पन बरोबर केला ना, बाई?"

"हो," मी म्हणाले. "बरोबर केलंत."

जूनमध्ये निकाल लागला. गणितात पास, इंग्रजीत काठावर का होईना पास. इतिहास-भूगोलात गेली, चार मार्कांनी. कचेरीतली जागा भरली गेली आणि ऑगस्टमध्ये तिला तीस पूर्ण झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसा, असं मी म्हटलं. कशासाठी, हे तिने विचारलं नाही. मला मात्र ते विचारल्यासारखंच लागलं.

कुणाकुणावर चिडायचं? पुस्तक लिहिणाऱ्यांवर मी चिडले, फाइली लावायला दहावी मागणाऱ्या कचेरीवर चिडले, हॉल न देणाऱ्या सेक्रेटरीशी वर्षभर बोलले नाही. हे सगळे राग सोपे होते. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती आली मला द्यायला जिवंत चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, घेऊन. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी लय मेहनत घेतलीव. माझाच डोस्का जर हाय, तुमी काय करनार."

त्या वेळी तिला सांगायला हवं होतं, की तुमच्या डोक्यात काही खोट नाही, ते पान बरोबर होतं, चूक माझी होती. एवढंच तर बोलायचं होतं. मी आत जाऊन चिंबोऱ्यांसाठी पातेलं घेऊन आले.