ट्रेलरची खचलेली जमीन

मुलाने कॅम्पिंगसाठी जुना ट्रेलर घेतला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. विंडसरमध्ये चांगलं घर असताना चाकांवरच्या डब्यात जाऊन राहायचं कशाला? पण उन्हाळा आला की त्याच्या आणि सुनेच्या मागोमाग मीही निघायचेच.

त्यातल्या शॉवरला पाण्याची बारीक धार. इतकी वर्षं कॅनडात काढली, तरी अंगावर भडाभडा पाणी ओतल्याशिवाय मला आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मुलगा सकाळी तळ्याकाठी फिरायला गेला की सून गॅसवर पाणी तापवून माझी बादली भरून द्यायची, आणि मी तांब्याने मनसोक्त आंघोळ करायचे. पडद्याखालून पाणी बाहेर यायचं. मी वरवर फडकं फिरवायचे.

यंदा वॉशरूमच्या दाराशी पाय ठेवला की जमीन दबायला लागली. मुलाने विचारायचा अवकाश, मी म्हणाले, "ओले टॉवेल जमिनीवर टाकले की दुसरं काय होणार?" आणि सुनेकडे पाहिलं. तिचा टॉवेल मी एकदाच खाली पडलेला पाहिला होता. ती म्हणाली, "सॉरी आई, आय विल बी केअरफुल." त्यानंतर ती टॉवेल बाहेर दोरीवर वाळत घालू लागली. मला लाज वाटली, पण बोलायला जीभ रेटेना. करून सवरून नामानिराळी.

गेल्या शनिवारी मुलाने घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्येच ट्रेलरची जमीन उघडली. वरचं व्हिनाइलचं आवरण सोललं तर खालचं प्लायवूड काळं पडलेलं, चहात बुडवलेल्या टोस्टसारखं हातात तुटणारं. कूज सरळ शॉवरच्या कडेपासून निघाली होती. मी दारात उभी होते. माझे कान तापले. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं मनात घोकत होते.

मुलाने कुजलेला भाग कापून काढला, खालच्या आडव्या पट्ट्यांना जोड दिले. सुनेने नवी फळी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"बट हाऊ?" मुलगा म्हणाला. "टॉवेलने एवढं रॉट होत नाही. इथे तर कोणीतरी रोज पाणी ओतल्यासारखं दिसतंय."

सुनेने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, बादली तीच तर भरायची. मी नजर नव्या फळीकडे वळवली.

"मीच असेन," ती त्याला म्हणाली. "शॉवरचा कर्टन मी कधी नीट लावतच नाही. माय फॉल्ट."

तो माझ्याकडे वळला, मी आता तिला काय बोलते ते बघायला.

"असू दे गं," मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."